बावीस वेळा: तिसरीतल्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण मी शाळेची समुपदेशक म्हणून हाताळलं. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव दिलेलं नाही, सगळीकडे नुसतं 'तो' म्हटलं आहे. प्रज्ञावंत मुलांची प्रकरणं लिहिताना शेवटी सगळं सुरळीत झाल्याचं सांगायची रीत आहे. इथे सगळं सुरळीत झालेलं नाही. आमचे पहिले दोन उपाय चुकले आणि त्यातला एक माझाच होता.

पार्श्वभूमी

तो तेव्हा तिसरीत होता, वय ८ वर्षं ४ महिने. त्याच्याहून दीड वर्षाने मोठी बहीण त्याच शाळेत चौथीत. आईच्या सांगण्याप्रमाणे चार वर्षांचा असतानाच तो वाचायला लागला, कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. बहीण मोठ्याने वाचायची, हा समोर बसून बघायचा. एक दिवस पुस्तक उलटं धरलेलं असतानाही तो ओळ वाचतोय हे लक्षात आलं, कारण तो नेहमी तिच्या समोर बसायचा.

पहिली आणि दुसरी विनातक्रार गेली. यात नवल नाही. त्या दोन वर्षांत बरंचसं काम तोंडी होतं. तिसरीत फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, गणित पायऱ्यांनी मांडायचं, प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात लिहायची, असा लिहिण्याचा बोजा एकदम वाढतो. तक्रारीही नेमक्या तिथेच सुरू झाल्या. हा योगायोग नव्हता, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच तो खटकला नाही.

अडचण

वर्गशिक्षिका बाईंनी माझ्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीत चार गोष्टी होत्या: वर्गात लक्ष नाही, वह्या अपूर्ण, मधेच जागेवरून उठतो, उलट उत्तरं देतो. बाईंच्या वर्गात ४६ मुलं होती. त्यांच्याबद्दल हे लिहिताना माझ्या मनात राग नाही. एवढ्या मुलांत एकाची वही रोज अपूर्ण दिसली तर चिठ्ठी अशीच लिहिली जाते. पालकांना मात्र कुणीतरी परस्पर सांगून टाकलं होतं, "एडीएचडी असेल, दाखवून घ्या." एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा हा विकार. आई माझ्याकडे आली ती घाबरूनच.

मी आधी वही मागवली. शिसपेन्सिल इतकी दाबून लिहिलेलं की पुढच्या तीन पानांवर अक्षरांचे वळ उठले होते. दोन ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. एकाच शब्दातलं एक अक्षर रेघेवर, दुसरं खाली लोंबलेलं. गुणाकाराच्या पानावर दहा उदाहरणांपैकी फक्त चार सोडवलेली, पण चारही बरोबर, आणि एकाही उदाहरणात पायरी नाही. शेजारी लाल शाईत शेरा: 'पायऱ्या कुठे आहेत?'

मग मी 'उलट उत्तरं' म्हणजे काय ते विचारलं. बाईंनी एक प्रसंग सांगितला. घड्याळ वाचायचा धडा चालू होता. याने मधेच विचारलं, "बाई, दोन्ही काटे दिवसात किती वेळा एकमेकांवर येतात?" बाई म्हणाल्या, "दर तासाला एकदा, म्हणजे चोवीस. आता लिही." तो म्हणाला, "नाही, बावीस." बाईंनी बसायला सांगितलं, तो बसेना.

मी त्याला बोलावून तेच विचारलं. त्याने टेबलावर बोटाने गोल काढला. "बाराला येतात. मग एक वाजून पाच मिनिटांच्या जरा पुढे. मग दोन वाजून दहाच्या पुढे. असं पुढे पुढे सरकतात. दहाच्या तासात पंचावन्नच्या आधी जरासं येतात, आणि मग अकराच्या तासात येतच नाहीत, कारण लहान काटा पळतोय ना. मग एकदम बाराला. म्हणून बारा तासांत अकरा, आणि दिवसात बावीस." उत्तर बरोबर आहे. मला ते मान्य करायला कागद-पेन्सिल घ्यावी लागली, हेही नोंदवते.

त्याच आठवड्यात मी वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला. चाळीस मिनिटांच्या त्या तासात त्याला आधीपासून येत नव्हतं असं काही किती वेळ चाललं होतं, हे मी घड्याळ लावून मोजलं. सहा मिनिटं. उरलेली चौतीस मिनिटं तो एक तर वाट बघत होता, नाही तर उतरवून घेत होता. आणि उतरवून घेणं त्याला खरोखरच जड जात होतं. म्हणजे जे सोपं होतं ते कंटाळवाणं आणि जे कंटाळवाणं नव्हतं ते अवघड. अशा तासाला मी असते तरी उठले असते.

चुकलेले दोन उपाय

पहिला उपाय बाईंचा. उत्तर त्याला पटकन येतं ना, मग त्याला आणखी वीस उदाहरणं. शाळांमध्ये हे सर्रास होतं आणि त्यामागची भावना चांगलीच असते. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर पटकन येण्याची ही शिक्षाच. त्यातून तो नको तेच शिकला: पंधरा दिवसांत त्याने पहिली दहाही हळू सोडवायला सुरुवात केली.

दुसरा उपाय माझा. 'छोटा शिक्षक' म्हणून त्याने शेजारच्या दोन मुलांना गणितात मदत करायची, असं मी सुचवलं. कागदावर हे छान दिसत होतं. प्रत्यक्षात त्याला उत्तर कसं आलं हे त्यालाच सांगता येत नव्हतं, कारण मधल्या पायऱ्या त्याच्या डोक्यात वेगळ्या अशा उमटतच नव्हत्या. "अरे, दिसतंय ना!" असं तो ओरडायचा. आठवडाभरात त्या दोघांपैकी एकाने त्याच्याशी बोलणं सोडलं. मी हा उपाय थांबवला, पण ते मैत्रीचं नुकसान भरून यायला पुढचं पूर्ण सत्र गेलं.

चाचणी आणि आकड्याचा घोळ

पालकांच्या संमतीने मानसशास्त्रज्ञांकडे मूल्यमापन झालं. एडीएचडीचा प्रश्न त्यांनी आधी पाहिला. निदानासाठी लक्षणं किमान दोन वेगळ्या ठिकाणी दिसावी लागतात, म्हणजे शाळेत आणि घरी, किंवा शाळेत आणि खेळाच्या ठिकाणी. इथे ती फक्त वर्गात दिसत होती, आणि तिथेही लिहिण्याच्या कामातच. अवघड कोडी समोर असताना तो जवळजवळ पन्नास मिनिटं जागेवरून हलला नाही. आवडीच्या कामात रमणं एडीएचडी असलेल्या मुलांतही दिसतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, असं त्यांनी बजावलं. पण घरच्या आणि शाळेच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर त्यांनी ते निदान नाकारलं. प्रज्ञावंत मुलांना एडीएचडी नसतोच असा मात्र याचा अर्थ नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

मग बुद्धिमापन. वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीत सरासरी १०० असते आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. त्याचे घटक असे आले: शाब्दिक आकलन १३३, तर्क १३४, दृश्य-अवकाशीय ११९, कार्यकारी स्मृती (माहिती तात्पुरती डोक्यात धरून काम करणं) १०७, प्रक्रिया-गती (चिन्हं उतरवण्यासारखी सोपी कामं भराभर करणं) ८३. सगळ्यांचा मिळून एकूण बुद्ध्यंक १२५.

घोळ इथे झाला. प्रज्ञावंत ठरवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी १३० ची रेघ धरतात. त्या रेघेच्या वर शंभरात साधारण दोन मुलं येतात. शाळेच्या बैठकीत अहवालाचं पहिलं पान फिरलं आणि कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हुशार आहे, पण त्यातला नाही." पहिल्या पानावर फक्त १२५ होतं.

तर्कात हा मुलगा शंभरात पहिल्या एक-दोघांत येतो, आणि चिन्हं भराभर उतरवण्यात शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं त्याच्या पुढे आहेत. या दोहोंची सरासरी काढली की जो आकडा येतो तो कुणाचाच नसतो. घटकांत इतकी तफावत असेल तेव्हा स्मृती आणि गती बाजूला ठेवून 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढतात. त्याचा १३६ आला. तो अहवालाच्या सातव्या पानावर होता.

मी बैठकीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांचा दाखला दिला. टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यंकाच्या सुमारे दीड हजार मुलांचा प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. त्यासाठी ज्यांची चाचणी झाली पण जे निवडले गेले नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये. मुख्याध्यापक सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे आपल्याला याच्याकडून नोबेल हवंय का, मॅडम?" सगळे हसले. त्यांचं बरोबरच होतं. मला रेघ किती कच्ची असते ते सांगायचं होतं, पण सांगितलं असं की मुलगा थोर होणार की नाही यावरच चर्चा घसरली. तो मोठेपणी काय होईल हा आमचा विषयच नव्हता. त्या चौतीस मिनिटांचं काय करायचं, हा होता.

त्याच सुमाराला एका व्यवसायोपचार तज्ज्ञांनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) त्याचं लेखन तपासलं आणि डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता असल्याचं सांगितलं. प्रज्ञा आणि अक्षमता एकाच मुलात असली की दोन्ही एकमेकींना झाकतात. अक्षर वाईट म्हणून बुद्धी दिसत नाही, आणि बुद्धीच्या जोरावर तो कसंबसं निभावून नेतो म्हणून अक्षमता दिसत नाही. बाहेरून दिसतो तो एक साधारण, जरा आळशी मुलगा.

समोर आलेले पर्याय

'वाट पाहू, मोठा झाला की सुधारेल' हा पर्याय कुणी मोठ्याने मांडला नाही, पण तो टेबलावर होताच. तो नेहमीच असतो.

बाईंचं म्हणणं होतं, आधी अक्षर सुधारू दे, मग पुढचं गणित देऊ. ऐकायला हे रास्त वाटतं. मला ते अजिबात मान्य नव्हतं. हात सुधारायला वर्षं लागतील. तोवर डोकं बाहेर ताटकळत ठेवायचं का? शिवाय ज्याला दिवसभर फक्त न येणारंच करायला लावतो, त्याने कशाच्या जिवावर मेहनत करायची? यावर बाईंचं आणि माझं बरंच वाजलं.

वडिलांना हवं होतं की त्याला सरळ चौथीत टाकावं. वर्ग ओलांडण्याला शिक्षक उगाच घाबरतात, असं माझं मत आहे. योग्य मुलासाठी तो उत्तम उपाय असतो. अशा निर्णयासाठी वापरतात त्या आयोवा प्रवेगन श्रेणीत बुद्धी आणि अभ्यास यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी अडसर मानल्या आहेत: त्या वर्गात सख्खं भावंड असणं आणि मुलाची स्वतःची इच्छा नसणं. चौथीत त्याची बहीण होती. आणि त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "ताईच्या वर्गात? मग ती कुठे जाणार?" एवढ्या एका वाक्यावर तो पर्याय आम्ही मिटवला. शिवाय चौथीत लिहिणं आणखी वाढलं असतं.

उरला मधला मार्ग: फक्त गणितापुरता वरचा वर्ग, बाकी विषय स्वतःच्या वर्गात पण आटोपते, आणि लेखनासाठी स्वतंत्र आधार. हे तिन्ही एकाच वेळी, एक झाल्यावर दुसरं असं नाही.

काय केलं

वरचा वर्ग म्हणजे नेमका कितवा, हे आधी ठरवायचं होतं. तिसरीच्या चाचणीत त्याला जवळपास सगळं येत होतं. म्हणजे चाचणीचं छत त्याच्या डोक्याला लागत होतं आणि खरी उंची कळत नव्हती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणिती प्रज्ञेचा जो अभ्यास सुरू केला, त्यात त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा दिली होती, ती याच कारणासाठी. आम्ही चौथीची आणि पाचवीची वार्षिक गणित परीक्षा घेतली, तोंडी, उत्तरं मी उतरवून घेतली. चौथीत ५० पैकी ४८, पाचवीत ३७. पाचवी ठरली. चौथीत बहीण होती, हा प्रश्नही त्यात सुटला.

स्वतःच्या वर्गातल्या विषयांसाठी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांच्या कामातली अभ्यासक्रम आटोपता घेण्याची पद्धत वापरली. घटक सुरू होण्याआधीच छोटी चाचणी. दहापैकी नऊ आले तर तो घटक त्याच्यापुरता संपला आणि त्या वेळात स्वतःचा प्रकल्प. कमी आले तर फक्त राहिलेलं शिकायचं. बाईंना हे आधी जादा काम वाटलं. मग त्यांनी तीच चाचणी सगळ्या वर्गाला दिली, आणि आणखी पाच मुलांना तो घटक आधीच येत असल्याचं निघालं. तिथून त्या माझ्या बाजूला आल्या. माझ्या बोलण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

लेखनाला तिरप्या फळीचा आधार, जाड पेन्सिल, फळ्यावरचं छापील स्वरूपात हातात, गणितात चौकटीची वही, आणि दीर्घ उत्तरं तोंडी किंवा टंकून. पायऱ्यांबद्दल मात्र सूट दिली नाही. दहापैकी दोन उदाहरणं पूर्ण पायऱ्यांनी, ती दोन कुठली ते तो निवडणार. "मला दिसतं, मग का लिहू?" याला पाचवीच्या सरांनी दिलेलं उत्तर त्याला पटलं: "तुला दिसतं रे. मला दिसत नाही ना."

तीन विभाजकांचा दिवस

पाचवीत तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सरांनी विचारलं, १ ते १०० मध्ये नेमके तीन विभाजक असलेल्या संख्या किती? याने क्षणात हात वर केला: "दहा. सगळे वर्ग." मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात कधी फारसा न बोलणारा, वहीत एकेक वर्ग घेऊन मोजत होता. तो म्हणाला, "सर, सोळाला पाच येतात. चारच आहेत. चार, नऊ, पंचवीस, एकोणपन्नास."

आमच्या मुलाने पान फाडलं आणि तो बाकाखाली गेला. पुढचे दोन दिवस तो पाचवीत जायलाच तयार नव्हता. घरी म्हणाला, "मी हुशार नाहीये." आईचा फोन आला, "मॅडम, आपण घाई तर नाही ना केली?"

मलाही तसंच वाटलं होतं. पण आठ वर्षं ज्याला सगळं पहिल्या झटक्यात येत होतं, त्याच्यावर चुकायची वेळच आली नव्हती. ती आठव्या वर्षी आली हे बरं की पंधराव्या? वर्ग मागे घ्यायचा नाही, पण बळजबरीही नाही, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सरांनी त्या दुसऱ्या मुलालाच त्याच्याकडे पाठवलं, वही घेऊन. दोघं मधल्या सुट्टीत जिन्यावर बसले. परत आला तेव्हा तो घाईत सांगत सुटला, "बाई, फक्त मूळ संख्यांचे वर्ग चालतात! आणि चार विभाजकांचं वेगळंच आहे!"

परिणाम

वर्षअखेरीस वर्गातून उठणं जवळपास थांबलं. पाचवीच्या गणितात तो वरच्या काही मुलांत होता, पहिला नव्हता, आणि ते त्याला चाललं. जिन्यावरचा तो मुलगा त्याचा मित्र झाला. लेखनाचा वेग किंचित वाढला, अक्षर मात्र आजही तसंच आहे. भाषेच्या लेखी परीक्षेत गुण कमीच पडतात, कारण टंकून लिहायची सवलत परीक्षेत द्यायला शाळा त्या वर्षी तयार झाली नाही.

पुढच्या वर्षी एक धक्का बसला. नव्या वर्गशिक्षकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळी व्यवस्था तोंडी ठरलेली होती. दोन महिने तो पुन्हा पायऱ्या नसलेल्या वह्या आणि लाल शेऱ्यांत सापडला. कागद शोधता शोधता ती मधली वेळ वाया गेली.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी बाईंना 'तो काय करत नाही' याऐवजी 'तो काय विचारतो' असं विचारेन. घड्याळाचा प्रश्न त्या चिठ्ठीत दडलेलाच होता, 'उलट उत्तरं' या नावाखाली.

चाचणीचा अहवाल बैठकीत फिरवण्याआधी पहिलं पान काढून ठेवेन, किंवा सातवं पान वर लावेन. टर्मन यांचं नाव काढणार नाही.

जे ठरलं ते एका पानावर लिहून, सह्या घेऊन, मुलाच्या नोंदीला जोडेन, म्हणजे शिक्षक बदलले तरी व्यवस्था बदलणार नाही. हे आता आम्ही करतो.

आणि बहिणीशी आधी बोलेन. त्या सगळ्या वर्षात घरात, शाळेत, माझ्या खोलीत चर्चा एकट्या त्याचीच. पाचवीच्या मुलांत धाकटा भाऊ दिसायला लागल्यावर तिला वर्गातली मुलं चिडवायची, हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिच्या बाईंकडून. तिची चाचणी कुणी घेतली नव्हती. मागाहून घेतली. तिचा तपशील इथे देत नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

तो आता पाचवीत आहे आणि गणिताला सातवीत बसतो. सातवीचा गणिताचा तास बुधवारी नेमका त्याच्या खेळाच्या तासावर येतो, आणि खेळ सोडायला तो तयार नाही. तो तास हलवण्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे.